एकाच प्रकाशाचे दोन अहवाल

लॅबमध्ये मला सगळे 'सातवी' म्हणत. पीएचडीचं सातवं वर्ष सुरू झालं त्या दिवशी कॉफीच्या मशीनपाशी कुणीतरी "बाई गं, सातवीत गेली!" असं म्हणालं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. सहावीत असताना मी रडायचे. सातवीत आल्यावर मला राग यायला लागला. राग अभ्यासाला फार चांगला असतो, हे माझं स्वतंत्र संशोधन. ते मात्र कुणी छापत नाही.

राग यायला कारणही होतं. दुसऱ्या शहरातल्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी माझ्यासाठी राखून ठेवली होती. त्यांनी दोनदा मुदत वाढवली. तिसऱ्या पत्रात त्यांनी अतिशय गोड शब्दांत कळवलं, की शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध मंजूर झाल्याचं पत्र आलं नाही तर ते दुसऱ्या उमेदवाराला बोलावतील. मंजुरीसाठी दोन सह्या हव्या होत्या, एक माझ्या मार्गदर्शकांची आणि एक परीक्षकांची. मार्गदर्शक म्हणजे सर. परीक्षक म्हणजे मॅडम. आणि मॅडम म्हणजे सरांच्या पत्नी.

हे नियमात कसं बसतं, असं सगळेच विचारतात. बसतं, कारण आमचा प्रकाश मोजू शकेल अशी दुसरी लॅब जवळपास कुठे नाही. शिवाय त्या दोघांची शिस्त सगळ्या विद्यापीठाला माहीत होती. दोघांच्या लॅबना एकच सामाईक भिंत, पण लग्न झाल्यापासून, म्हणजे बावीस वर्षांत, दोघांनी एकमेकांच्या लॅबमध्ये पाऊल टाकलेलं नव्हतं. नवऱ्याचं बघून लिहिलं असं कुणी म्हणायला नको, आणि बायकोचं बघून लिहिलं असंही नको. दुपारी दोघं व्हरांड्यातल्या बाकावर शेजारी बसून डबा खात आणि गीझर, पडदे, गाडीचा कुरकुरणारा दरवाजा असल्या विषयांवर बोलत. प्रकाशाचा विषय निघालाच तर लगेच "आपण" आणि "मॅडम" सुरू व्हायचं. भिंतीला अंगठा जाईल एवढं एक भोक होतं आणि त्यातून दोन केबली पलीकडे जायच्या, एक लाल वेष्टनाची आणि एक निळ्या. बावीस वर्षांत शास्त्राचा जो काही व्यवहार झाला तो एवढ्या भोकातून.

आता माझा प्रयोग सांगते. घाबरू नका, दोन मिनिटांत संपेल. मला सात वर्षं लागली ती गोष्ट वेगळी.

क्वांटम जगात दोन गोष्टी कधीकधी अशा काही जोडल्या जातात की हिचं वर्णन वेगळं, तिचं वर्णन वेगळं, असं करून भागतच नाही. दोघींचं मिळून एकच वर्णन करावं लागतं. त्याला एन्टँगलमेंट म्हणतात. आम्ही लॅबमध्ये नुसता 'गुंता' म्हणायचो. साध्या लेसरच्या प्रकाशातही थोडी खरखर असते. आमच्याकडचे दोन स्फटिक त्याहूनही शांत असे दोन किरण तयार करायचे. हे दोन शांत किरण मी एका अर्ध्या आरशावर आणून भेटवायचे. अर्धा आरसा म्हणजे निम्मा प्रकाश आरपार सोडणारा आणि निम्मा परतवणारा. त्यातून पुन्हा दोन किरण निघत, एक लाल केबलीत जाई, दुसरा निळ्या. आता गंमत अशी की हे नवे किरण एकेकटे ऐकले तर नुसता गोंगाट. पण दोन्ही गोंगाट एकमेकांशी तंतोतंत जुळलेले. लालमध्ये काय चाललंय ते मोजलं की निळ्यात काय असणार ते आधीच सांगता यायचं. हाच तो गुंता. माझ्या प्रबंधाची दोनशे अकरा पानं एवढंच सांगत होती, की गुंता आहे आणि झकास आहे.

सोमवारी सकाळी मॅडमचा अहवाल आला. प्रकाश केबलींतून त्यांच्याकडे पाठवला होता आणि त्यांनी तो स्वतंत्रपणे तपासला होता. अहवालातलं शेवटचं वाक्य असं होतं: 'दोन्ही किरण एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र असून त्यांच्यात कोणताही गुंता आढळला नाही.'

मी ते वाक्य चार वेळा वाचलं. मग सरांकडे गेले.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "शक्य नाही," ते म्हणाले. "तिचं यंत्र बिघडलंय." मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "म्हणजे, मॅडमचं उपकरण एकदा तपासून घ्यायला हवं."

"मग तुम्ही सांगता का त्यांना?"

"मी? मी कसा सांगणार? परीक्षक आहेत त्या!"

"मग मी सांगू?"

"तू तर मुळीच नको. अहवालावर परीक्षकांशी बोलायचं नाही, नियम आहे."

म्हणजे ज्यांच्यावर सगळं अडलं होतं त्या मॅडम भिंतीपलीकडे दहा पावलांवर, आणि विचारायची सोय नाही. मी सोमवार आणि मंगळवार मिळून अकरा वेळा प्रयोग केला. अकराही वेळा गुंता होता. मंगळवारी दुपारी आईचा फोन आला.

"झालं का गं?"

"आई, मी म्हणते आहे, त्या म्हणतात नाही."

"काय आहे?"

"गुंता."

"मग सोडव की."

"सोडवायचा नाही गं, असायला हवाय!"

आई चाळीस वर्षं नर्स होती. वॉर्डात दोन डॉक्टरांची दोन मतं झाली की काय होतं ते तिनं पाहिलं होतं. "तू जेवलीस का?" तिनं विचारलं. मी जेवले नव्हते, आणि ते तिला माझ्या आवाजावरूनच कळलं होतं. त्यावर मला जी काय बोलणी खावी लागली ती इथे लिहीत नाही. पण फोन ठेवल्यावर मी रडले, हे लिहिते. नोकरी जाणार म्हणून तर रडलेच, पण सात वर्षं मी नसलेली गोष्ट बघत होते की काय, ह्या भीतीनं जास्त रडले.

बुधवारी सकाळी डोळे धुऊन अहवाल पहिल्या पानापासून वाचायला घेतला. आदल्या दोन दिवसांत मी नुसतं शेवटचं वाक्यच वाचत होते. सतराव्या पानावर मॅडमच्या आकड्यांचा तक्ता होता, आणि त्यात पहिल्या किरणाची खरखर साध्या लेसरपेक्षा कमी दाखवली होती. दुसऱ्याचीही कमी.

मी खुर्चीवरून उठलेच. माझे केबलीतले किरण एकेकटे ऐकले तर कानठळ्या बसाव्यात असे, आणि मॅडमकडे पोचेपर्यंत ते शहाण्या मुलांसारखे शांत झाले होते! यंत्र बिघडलं, केबल वाकली, धूळ बसली, तर गोंगाट वाढतो. बिघडल्यामुळे कुठलीही गोष्ट इतकी शांत होत नाही. आणि इतके शांत किरण मी एकाच ठिकाणी पाहिले होते, माझ्याच टेबलावर, अर्ध्या आरशाच्या अलीकडे. म्हणजे मॅडमच्या टेबलावर आणखी एक अर्धा आरसा होता. मी जे एकत्र आणलं होतं ते त्यांनी पुन्हा भेटवून वेगळं केलं होतं.

नियम वगैरे सगळं विसरून मी धावत व्हरांड्यात गेले. दोघंही बाकावर बसून सकाळचा चहा घेत होते.

"मॅडम, तुमच्या टेबलावर सुरुवातीलाच अर्धा आरसा आहे का?"

मॅडमनी मला नियम मोडल्याबद्दल झापायला तोंड उघडलं, पण प्रश्नच इतका सोपा होता की आधी उत्तर बाहेर पडलं. "असणारच. मी कुठलेही दोन किरण आले की आधी आरशावर घेते. खरखर कमीत कमी होईपर्यंत आरसा हलवायचा आणि मग मोजायचं. पंचवीस वर्षं असंच करते मी. आलेला माल आधी निवडून घ्यायला नको?"

सरांच्या कपातला चहा बशीत सांडला. "निवडून? अगं, तू तिचा सगळा गुंता सोडवून ठेवलास आणि वर लिहिलंस की गुंता नाही!"

"गुंता होता कुठे? दोन साधे, स्वतंत्र किरण होते. तुमच्या बाजूला आरसा ठेवून तुम्ही ते कालवलेत. कालवलं तुम्ही आणि नाव प्रकाशाचं!"

"दोन केबली आहेत! एक इथे ठेवून दुसरी पार दुसऱ्या गावाला नेता येईल. भाग दोनच, ही केबल आणि ती केबल. आणि त्या दोघींत गुंता आहे."

"नेता येईल, पण नेलीये का? दोन्ही टोकं माझ्या एकाच टेबलावर आहेत. मग भाग कुठून पाडायचे ते तू कोण ठरवणार?"

"मी कोण?"

"हो, तू कोण?"

बावीस वर्षांत व्हरांड्यात प्रकाशाच्या विषयावर पहिल्यांदाच 'अगं' आणि 'तू' ऐकू आलं होतं. दोन्ही लॅबमधून माणसं दारात येऊन उभी राहिली. मी मात्र मध्येच उभी होते आणि माझ्या डोक्यात काहीतरी हळूहळू बसत होतं. दोघांचाही शब्द न् शब्द बरोबर होता. सर प्रकाशाचे 'लाल केबल आणि निळी केबल' असे दोन भाग पाडत होते. मॅडम आरसा लावून त्याच प्रकाशाचे 'दोघांची बेरीज आणि दोघांची वजाबाकी' असे दोन भाग पाडत होत्या. प्रकाश तोच. पहिल्या तऱ्हेनं भाग पाडले तर भागांत गुंता, दुसऱ्या तऱ्हेनं पाडले तर नाही. आणि मी दोनशे अकरा पानांत, व्याख्येच्या प्रकरणातसुद्धा, 'कोणी पाडलेल्या भागांत' हे एकदाही लिहिलं नव्हतं. लिहायला हवं असं सुचलंच नव्हतं. भिंतीच्या एकाच बाजूला सात वर्षं बसलं की असंच होतं.

दुपारपर्यंत मी व्याख्या पुन्हा लिहिली. 'गुंता हा नुसत्या प्रकाशाचा गुणधर्म नाही. निरीक्षकाच्या हाताशी कोणती मापनं आहेत आणि त्यांवरून तो प्रकाशाचे कोणते भाग मानतो, हे आधी सांगावं. मगच गुंता आहे की नाही हे सांगता येतं.' दोन प्रती काढल्या आणि दोघांच्या टेबलांवर ठेवल्या.

सही कुणीच केली नाही.

"म्हणजे ज्याला जे वाटेल ते?" सर गुरुवारी सकाळी म्हणाले. ते दुखावले होते. मला ते बघवेना. "अर्धं आयुष्य मी ह्या गुंत्यावर काढलं. आता तू लिहिणार की तो बघणाऱ्याच्या मर्जीवर आहे?"

मॅडमही आल्या होत्या, पण आमच्या लॅबच्या उंबऱ्याबाहेर उभ्या. "माझंही तेच म्हणणं आहे," त्या म्हणाल्या. आपण दोघं एकाच बाजूनं बोलतोय हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आणि मग माझा तो सातवीतला राग कामाला आला.

"मर्जीचा प्रश्नच नाही!" मी एवढ्या मोठ्यानं बोलले की सरांनी चष्मा काढला. "सर, मॅडमच्या टेबलावर तुम्ही बसलात तर तुम्हालाही गुंता सापडणार नाही. कितीही वाटू दे तुम्हाला. आणि मॅडम, इथे बसलात तर तुम्हालासुद्धा तो सापडेल, आवडो न आवडो. भाग ठरले की पुढे कुणाच्या मर्जीला जागाच नाही. खोटं वाटत असेल तर जा आणि बसा. माझी नोकरी जायला एक दिवस उरलाय आणि तुम्ही दोघं उंबरे सांभाळताय!"

मी मनात म्हटलं, संपलं; मार्गदर्शकावर ओरडणाऱ्या विद्यार्थिनीला सही कोण देतं?

मॅडमनी चपला काढल्या, लॅबच्या स्वच्छ सपाता पायात घातल्या आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा आत आल्या.

आत आल्यावर त्यांनी आधी टेबलाकडे बघितलंच नाही. फडताळाकडे बघितलं. "माझा मोठा स्टीलचा डबा इथे आहे होय! घरभर शोधला मी. आणि त्यात काय ठेवलंय? स्क्रू?"

"वर्गवारी केलेले आहेत," सर म्हणाले.

मग त्या बसल्या. आरसा नाही, काही नाही, सरांच्या पद्धतीनं लाल केबल ह्या डिटेक्टरला, निळी त्या डिटेक्टरला. रीडिंग आलं. मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या, जोडणी काढली, पुसली, पुन्हा लावली, पुन्हा मोजलं. चौथ्या वेळी मागे टेकल्या. पडद्यावर दोन्ही रेघा एकमेकींच्या पावलावर पाऊल टाकून चालत होत्या. "किती सुंदर जुळतंय गं," त्या अगदी हळू म्हणाल्या. त्या गुंत्याबद्दल बोलत होत्या, पण सरांनी मान दुसरीकडे वळवली आणि चष्मा बराच वेळ पुसला.

मग मी केबली पुन्हा भिंतीपलीकडे वळवल्या आणि सर मॅडमच्या लॅबमध्ये गेले. तिथे प्रत्येक खणावर लेबल होतं. कोऱ्या लेबलांच्या खणावरही. मी इकडेच थांबले, कारण जोडणी धरून ठेवायला कुणीतरी हवं होतं. वीस मिनिटं काहीच ऐकू आलं नाही. मॅडम माझ्या शेजारी उभ्या राहून बोटं मोडत होत्या. शेवटी त्यांच्यानं राहवेना. खाली वाकून भिंतीच्या त्या भोकाला तोंड लावलं.

"अरे, काय आलं?"

पलीकडून सरांचा आवाज आला, बारीक आणि थक्क झालेला. "नाही! काही म्हणजे काही नाही गं! दोन्ही किरण एकदम शांत. तू कसं बसवलंयस हे? केबलीतून आलेले इतके शांत किरण मी जन्मात पाहिले नाहीत!"

"मग! आणि तुमच्याकडे आहे बरं का! चार वेळा बघितलं मी!"

"मी सांगत नव्हतो?"

"मीही सांगत नव्हते?"

भोकातून ते पुढे अर्धा तास बोलत राहिले. दार उघडं होतं, दहा पावलांवर होतं, पण दोघांनाही ते सुचलं नाही. मी जोडणी सोडून डबा खायला गेले. आईनं फोनवर विचारायच्या आत मला जेवून घ्यायचं होतं.

सह्या शुक्रवारी पावणेपाच वाजता मिळाल्या. प्रत्येक स्वल्पविरामावर वाद झाला म्हणून उशीर झाला. मी फॉर्म घेऊन पळत परीक्षा विभागात गेले आणि खिडकीपाशी पोचल्यावर पहिल्यांदा तो नीट बघितला. रकाना सात: 'प्रबंधातील व्याख्येबाबत मार्गदर्शक व परीक्षक यांच्यात मतभेद आहेत / नाहीत. लागू नसेल ते खोडावे.' आपल्या पानावर सरांनी 'आहेत' खोडलं होतं. आपल्या पानावर मॅडमनी 'नाहीत' खोडलं होतं.

पाचला दहा मिनिटं होती. खिडकीत बसलेल्या बाई, ज्यांनी आजवर माझे तीन अर्ज समास कमी सोडला म्हणून परत पाठवले होते, दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून बघत होत्या.

"बाई, त्याचं काय झालं," मी सुरुवात केली, "दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणजे मतभेद आहेत असं धरलं तर…"

"तुम्ही थांबा हो," बाई म्हणाल्या. त्यांनी पान उलटलं, मागच्या सूचना वाचल्या, पुन्हा सुलटं केलं. "इथे वर काय लिहिलंय? 'सही करणाऱ्याचे मत.' ह्यांचं मत ह्यांच्या पानावर, त्यांचं त्यांच्या. दोन्ही जुळायला पाहिजेत असं कुठे लिहिलंय? कुणाचं पान आहे ते लिहिलेलं असलं की झालं. लिहिलंय." आणि धाडकन शिक्का मारला.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दोनशे अकरा पानं आणि सात वर्षं, आणि ह्या बाईंनी ते एका दमात सांगून वर पुढच्या माणसाला बोलावलंसुद्धा.

पाचला तीन मिनिटं असताना पत्र कॉलेजला गेलं. बाहेर आले तर जिन्याच्या खालच्या पायरीवर सर आणि मॅडम उभे होते. परीक्षा सुटायची वाट बघत शाळेच्या फाटकाबाहेर आईवडील उभे असतात तसे. सरांच्या बगलेत तो स्टीलचा डबा होता आणि दोघं काहीतरी तावातावानं भांडत होते. मला बघून दोघंही माझ्याकडे वळले. सोमवारी मी हे शहर सोडणार होते. माझ्या एकदम लक्षात आलं, की सात वर्षं मी इथून सुटायची वाट बघत होते आणि आता मला जावंसं वाटत नाहीये.

"झालं?" दोघांनी एकदमच विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

त्यावर मात्र दोघांपैकी कुणीच, "कुणाच्या मते?" असं विचारलं नाही. मॅडमनी मला जवळ घेतलं, आणि सर डबा सांभाळत आम्हा दोघींच्या भोवती हात टाकायचा प्रयत्न करत राहिले.